अधिकातला पाहुणा

"अजितरावांना धोंडं तुपासंगं आवडत्याल का दुधासंगं?" कढईत झारा फिरवत प्रयागबाईंनी लेकाला विचारलं आणि ऋषिराज दारातच थबकला.

कालपर्यंत अजित नुसता अजित होता. पुण्यात ऋषिराजच्याच खोलीवर राहणारा, सिनेमाच्या गोष्टी लिहिणारा मित्र. आज एकदम राव? त्यात अधिक महिना. कढईत पुरणाचे धोंडे, देवापुढं नवंकोरं चांदीचं निरांजन. धोंडे जावयासाठी तळतात हे निमगाव केतकीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण या घराला जावई होताच कुठं? धाकटी बहीण छकुली अजून बिनलग्नाची, आणि ती सकाळपासून आईची ठेवणीतली साडी नेसून गालातल्या गालात हसत होती.

म्हणजे सुपारी फुटायच्या आधीच धोंडा! "महिना सरायच्या आत ये, आन त्यालाबी घिऊन ये," असा आईनं फोनवर लावलेला लकडा त्याला आत्ता उमगला.

अजित ऋषिराजच्या वडिलांबरोबर, आबांबरोबर, डाळिंबाच्या बागेत फिरत होता. त्याच्या नव्या सिनेमाचं शूटिंग तिथंच करायचं होतं. त्या गोष्टीत दोन पुरुषांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण कुणी लचकत नव्हतं. एकजण ठिबकच्या नळ्या दुरुस्त करायचा, दुसरा आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरायचा. मुख्य काम ऋषिराजला होतं. घरी मात्र त्यानं त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

कारण आधीचा सिनेमा. त्यात तो हिरोचा मित्र होता. गुलाबी रुमाल, मुरडत चालणं, बोलताना मनगट मोडणं. "अजून लचक, पब्लिक हसलं पाहिजे!" दिग्दर्शक ओरडायचा. पब्लिक हसलं. बाजारात पोरं त्याच्यापुढं तसं चालून दाखवायची, आणि तोही हसायचा. आत मात्र फार लागायचं. टीव्हीवर तो सिनेमा लागला तेव्हा सगळी आळी घरात गोळा झाली होती. अर्ध्यातच आई उठली, "बंद करा ते," म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

आईला अशा माणसांची किळस येते, असं त्यानं त्या दिवशी मनाशी धरलं. अजित नुसता मित्र नाही, आपला जन्माचा सोबती आहे, हे या घरात कधीच बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं.

आता गप्प बसावं तर बहिणीचं वाटोळं, बोलावं तर घर तुटणार. इकडं आड, तिकडं विहीर. तो चुलीपाशी गेला.

"आई, अजित जावई न्हाय व्हायचा."

"का? काय खोट हाय त्याच्यात?"

"खोट न्हाय गं. लाखात एक हाय."

"मग? तू तापानं फणफणला व्हतास, तवा उशाला कोण बसलं व्हतं? रोज रातच्याला मला फोन कोण करत व्हतं? आमाला पसंत हाय. तुझ्या आबांनाबी."

"पण छकुली..."

"तिला कवाच सांगितलंय. जा, तांब्या भरून आण."

पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. रामहरीआबा अजितला घेऊन आले आणि हाताला धरून त्यांनी त्याला पाटावर बसवलं. प्रयागबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं, नवा शर्ट हातात दिला. अजित गोंधळून ऋषिराजकडं बघत होता. त्याच्या शेजारचा पाट रिकामा होता. छकुली धोंड्यांचं ताट घेऊन त्या पाटाकडं निघाली.

ऋषिराजला राहवेना.

"थांबा!" तो म्हणाला. "आई, हे लगीन न्हाय व्हायचं. त्या सिनेमातल्या माणसासारखाच हाय मी. आन अजितबी. आमी दोघं... एकमेकांचे हाय."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. प्रयागबाई पदराला हात पुसत उठल्या.

"त्याच्यासारखा न्हाईस तू," त्या म्हणाल्या. "तसं चालतोस व्हय कधी? माझ्या लेकराचं माकड केलं व्हतं मेल्यांनी. बघवंना मला, म्हणून उठले मी."

छकुलीनं ताट रिकाम्या पाटापुढं ठेवलं, दुसरं अजितपुढं ठेवलं आणि ती तूप आणायला वळली.

"मग ह्या पाटावर...?" ऋषिराजला पुढं बोलवेना.

"बस आता गुमान," प्रयागबाई म्हणाल्या. "जावयाला धोंडं एकट्याला वाढत नसत्यात."