फुलीचा डायनॅमो

दुकानातल्या टायरांच्या उतरंडीमागे फोरमन पाऊण तास उकिडवा बसून होता. गुडघे भरून आले होते, पण मांडीवरचा चाकं खोलायचा पाना त्याने खाली ठेवला नव्हता. चार वाजता चोर येणार होता. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने तसं कबूल केलं होतं, तेही पोलिसांचं नाव काढल्यावर.

आठ महिने तो या घटकेची वाट पाहत होता.

सहा वर्षांपूर्वी, छापखान्यात फोरमन असतानाच, त्याने ती काळी गाडी आणली होती. त्याच्या जन्माच्याही आधीची. आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. घराशेजारी पत्र्याची शेड मारून त्याने तिला आत घेतलं आणि मग पैसा पाण्यासारखा गेला. पत्रा ठोकून घेतला, सात हात रंग दिला, इंजिन परदेशातून मागवलं. निवृत्त झाल्यावर तर दिवसच्या दिवस शेडमध्ये जाऊ लागले. गाडी पूर्ण होत आली, आणि नेमक्या तेव्हाच चोऱ्या सुरू झाल्या.

आधी आरसा गेला. मग डॅशबोर्डातलं घड्याळ. मग डायनॅमो. कुलूप मात्र जसंच्या तसं. त्याने तीन कुलपं बदलली, चोर काही थांबला नाही. गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे भाग मिळायचे ते या एकाच दुकानात. आणि प्रत्येक वेळी, हवी ती वस्तू आठवड्याभरात इथे हजर असायची. नशीब काढलंत, असं म्हणत दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगायचा. फोरमन निमूट मोजायचा. निवृत्तीचे पैसे असे उतरत गेले.

डायनॅमो दुसऱ्यांदा विकत घेतला तेव्हा त्याने खालच्या अंगाला खिळ्याने बारीक फुली मारून ठेवली. तो पुन्हा चोरीला गेला. गेल्या आठवड्यात दुकानदाराने 'कालच आलेला' डायनॅमो पुढे सरकवला. फोरमनने तो उलटा केला. खाली फुली होती.

चोराचा चेहरा त्याने मनाशी कधीच ठरवून टाकला होता. जुन्या गाड्यांच्या क्लबातला तो टकल्या डॉक्टर. दोनदा फोरमनच्या नाकासमोरून स्पर्धेचा कप नेलेला. जेवताना फोरमन बायकोला रोज सांगायचा, सापडू दे एकदा, आधी बोटं मोडतो, मग गल्लीतून धिंड काढतो. ती ऐकत ऐकत आमटी वाढायची. एकदा मात्र ती आपण होऊन बोलली. दुसऱ्याची वस्तू न विचारता विकणाऱ्याला सोडू नये, म्हणाली, त्याच्याकडून पै न् पै वसूल करावी. फोरमनला बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी ती त्याच्या बाजूने बोलली होती.

चार वाजले. दारात चपला वाजल्या. फोरमनने पाना घट्ट धरला आणि टायरांच्या फटीतून पाहिलं.

बायको होती.

आपल्या हातून काही भलतंसलतं होऊ नये म्हणून ही मागोमाग आली, असंच त्याला आधी वाटलं. तो उठणारही होता. पण ती सरळ काउंटरपाशी गेली. कापडी पिशवीतून तिने टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. टॉवेल त्याचाच होता. आतला स्पीडोमीटरही त्याचाच, सकाळीच फडक्याने पुसलेला. तिच्या नखांत ग्रीस होतं. सहा वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून तिने उजेडाला बॅटरी धरली होती, मागेल तो पाना हातात दिला होता. कोणता स्क्रू कशाने सुटतो, हे तिला तोंडपाठ होतं.

दुकानदाराने टायरांकडे बघायचं टाळलं. नोटा पुढे करत त्याने विचारलं, दुकान कधी उघडताय.

सोमवारी, ती म्हणाली. आज शेवटचे पैसे दिले की किल्ली हातात येईल. तीच जागा आहे, फक्त मशिनं नवी घ्यावी लागली.

पाना फोरमनच्या हाताला एकदम जड लागला. एकोणीस वर्षं तिने ते शिवणकामाचं दुकान चालवलं होतं. जागा कागदोपत्री त्याच्या नावावर, म्हणून पाच वर्षांपूर्वी एका सहीत विकली गेली. इंजिन त्यातूनच आलं. तिला कळलं ते सकाळी दुकानापाशी पोचल्यावर. कापड बेतायचं तिचं टेबल परके हमाल बाहेर ओढत होते. ती रडली नाही, भांडली नाही. घरी खिडकीशी बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावू लागली आणि संध्याकाळी पहिल्यासारखीच शेडमध्ये बॅटरी धरायला येत राहिली. ती काही बोलली नाही, म्हणजे विषय मिटला, असं त्याने धरून टाकलं होतं.

तो टायरांमागून बाहेर आला. ती वळली. आधी पान्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. दचकली नाही.

"आठ महिने चोर शोधतोय मी," तो म्हणाला, "आणि तू रोज समोर बसून ऐकत होतीस."

तिने टॉवेलाची घडी घातली, पिशवीत ठेवली, नोटा त्यावर ठेवल्या.

"तुम्हाला शोधावा तरी लागला. मला माझा चोर पहिल्याच दिवशी कळला होता. पाच वर्षं दोन्ही वेळा मीच त्याला जेवायला वाढत होते."