तलवारदंती मांजराच्या दाढा

मेंढीच्या जबड्यात बोट घालून राजाबाईनं वय सांगितलं, की करमाडच्या बाजारात कुणी दुसऱ्याला विचारत नसे. स्वतःची मेंढी विकतानाही तिनं कधी वय चोरलं नाही. आज लेकानं, रामहरीनं, तिला संभाजीनगरच्या खाजगी संग्रहालयात आणलं होतं. त्यानंच मालकाला मिळवून दिलेली स्मायलोडॉनची, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या तलवारदंती मांजराची, कवटी मांडली होती. लोक सुळे बघत होते. राजाबाईनं सवयीनं दाढा चाचपल्या आणि थबकली. मांसखाऊ जनावराला बैलाच्या, रवंथ करून झिजलेल्या दाढा कशा? “माये, हात लावू नको,” म्हणत रामहरीनं तिचं मनगट धरलं. त्याच्या नखांत प्लास्टर होतं. दाढांच्या मुळाशीही तेच. मालक हसला, “मावशी, मेंढीचं सांगता, याचं वय सांगा की!” रामहरीची पकड घट्ट झाली. राजाबाईनं बोट पदराला पुसलं. “लई जुनं हाय, सायब.”