जहराची वीण

शेजारच्या टेबलावरचा गालिचा परीक्षक लुबनाबाईंनी उलटा केला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाल्या, "मशीनचा आहे. बाहेरून आणलेला. उचला."

गालिचेवाली डोळे पुसत सामान आवरू लागली. रुकय्या आपल्या म्हाताऱ्या मालकिणीला खेटून उभी राहिली. आता पाळी त्या दोघींची होती.

कंटेनर भरभरून येणाऱ्या परदेशी मालाने इथल्या हातमागाचं कंबरडं मोडलं होतं. म्हणून राजधानीतल्या शर्क भागातल्या या हॉलमध्ये परीक्षा ठेवली होती. ज्याची वीण खरी, हाताची, त्याला इथे कायमचं दुकान. खोटेपणा सापडला, त्याचं नाव कायमचं बाद. वाळवंटाकडच्या जहरा गावात जमिनीवरच्या मागावर लोकरीचे पट्टे विणणारं एकच घर उरलं होतं, उम्म जाबिरचं.

रुकय्या मूळची रत्नागिरीकडची. म्हाताऱ्या उम्म जाबिरची देखभाल करायला आली आणि तिला आईसारखं 'यम्मा' म्हणू लागली.

"यम्मा, परत जाऊ या," ती आपल्या मोडक्या अरबीत कुजबुजली. "अजून वेळ गेलेली नाही."

"घाबरतेस कशाला?"

"पकडलं तर तुमच्या नावाला बट्टा लागेल."

"पाणी दे," म्हातारी म्हणाली. रुकय्याने पेला तिच्या ओठांना लावला.

लुबनाबाई आल्या. काळ्या-तांबड्या पट्ट्यावरून हात फिरवताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वीण फारच एकसारखी आहे. मशीनसारखी."

रुकय्याने मान खाली घातली. बाईंनी पट्टा उलटा केला, लोकरीचा वास घेतला, कडेचा धागा ओढून पाहिला. आजूबाजूची माणसं जवळ सरकली. बऱ्याच वेळाने बाईंचा चेहरा सैलावला.

"नाही, हे हाताचंच. धाग्यावर अशी ठोक मशीनला जमत नाही. ही वाळवंटातली वीण. आईच्या मांडीवर बसून शिकावी लागते. परदेशी माणसाच्या सात पिढ्यांना यायची नाही!"

टाळ्या वाजल्या. रुकय्याचा जीव भांड्यात पडला. ती घाईघाईने पट्टा गुंडाळू लागली.

"थांबा," लुबनाबाई म्हणाल्या. हॉलच्या मधोमध एक माग पसरलेला होता. "विणणारीने तिथे बसून चार बोटं विणून दाखवायची. मग दुकान तुमचं."

रुकय्या पुढे झाली. "बाई, यम्मांचं वय झालंय. आज बरंही नाही त्यांना. एवढं सोडा ना."

"विणणारीनेच बसायला हवं. नाहीतर नाव बाद."

उम्म जाबिरने डाव्या हाताने अंगावरचा काळा अबाया झगा बाजूला सारला, उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि टेबलावर ठेवला. तो ओंडक्यासारखा तिथेच पडून राहिला.

"लकवा मारला त्याला दोन रमजान झाले," ती शांतपणे म्हणाली. "विणणारीच बसेल, बाई. जा रुकय्या, बस मागावर."