आगपेटीतला नमुना

"मोत्याच्या पोटात जंत निंघाले, काकू." आरतीनं रिपोर्ट टेबलावर ठेवला. "अशा कुत्र्याले मी बाकीच्यायत नाई घेऊ शकत."

कुत्री दिवसभर सांभाळणारी अकोल्यात आरतीची ही एकच जागा माणिकबाईंना ठाऊक होती. वसतिगृहाच्या स्वयंपाकाला त्या नऊला जायच्या, चारला परतायच्या. तेवढा वेळ मोत्या साखळीशी झगडत घसा बसेपर्यंत ओरडायचा. घरमालकानं कालच बजावलं होतं, "महिन्याभरात कुत्रं तरी जाईन, नाई तं तुमी तरी." गटारातून काढून चमच्यानं दूध पाजलेला जीव. त्याला सोडून देणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

आरतीची अट एकच, शी तपासून आणायची. मोत्याला माणिकबाई दर तीन महिन्यांनी गुळात घालून जंताची गोळी द्यायच्या, जनावरांच्या शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितली तशी. पण जुन्या शहरातल्या गल्लीत जन्मलेलं कुत्रं, त्याच्या पोटाचा काय भरवसा! शेजारच्या किशोरसाहेबांचा टायसन मात्र जातिवंत, पाकिटातलं खाणारा, दर रविवारी शाम्पूनं न्हाणारा. माणिकबाईंनी गुपचूप त्याचीच शी आगपेटीत भरली आणि वर मोत्याचं नाव लिहून घेऊन तपासायला दिली. एवढी अक्कल चालवली, आणि तोंडावर आपटल्या.

"ते मोत्याचं नोय, बाई," शेवटी त्या बोलल्या. लाजेनं मान वर होईना. "टायसनचं हाये. मले वाटलं, साहेबाचं कुत्रं म्हनजे चोखच असन."

आरती दचकली. टायसन तर पंधरा दिवसांपासून तिच्याकडेच येत होता. आताही तो आवारात सगळ्यांच्या भांड्यांत तोंड घालत फिरत होता, आणि त्याला सोडायला आलेले किशोरसाहेब दारातच उभे होते.

"म्हनजे आता सगळ्यायलेच औषध," आरती म्हणाली. "पन किशोरभाऊ, तुमी आनलेला टायसनचा रिपोर्ट तं एकदम साफ होता!"

किशोरसाहेब बुटांकडे पाहू लागले.

"नमुना द्यायचा त्या दिवशी त्याचं पातळ होतं. उचलताच येईना. आमच्या फाटकासमोर मोत्याची पडली होती, तीच भरली."

आरतीला हसू आवरेना.

"मोत्याले पंधरा दिवसानं आना, काकू," ती म्हणाली. "तोपर्यंत बाकीच्यायचे पोटं त्याच्यासारखे साफ होऊ द्या."