अचानक आलेले पाहुणे

पहिला टेक.

दारावर थाप पडली. मुलीने दार उघडलं, हसून म्हणाली, "अगंबाई, तुम्ही! या ना, आत या."

उंबऱ्यापलीकडे टीव्हीवरचे ते दोघे उभे होते. दाढीवाला आणि चष्मेवाला. विजेच्या मोटारसायकलींवरून देश पालथा घालणारे. "ताई, बॅटरी संपली आमची. गाड्या जरा चार्जिंगला लावू का?"

"कट! ताई, आधीच माहीत असल्यासारखं दार उघडलंत."

"माहीत होतंच की. सकाळपासून तुमचीच माणसं माझं कपाट हलवतायत."

सगळे हसले. दिग्दर्शकही हसला. मग म्हणाला, "ते विसरा."

दार लागलं. ती धावत आतल्या खोलीत गेली.

वडील पलंगावर ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पाण्याने बसवलेला भांग. जन्मभर सलून चालवलेला माणूस; सकाळी स्वतःची दाढी स्वतःच केली होती. हनुवटीला कापलं होतं, तिथे तुरटीचा पांढरा डाग. नाकातली नळी काढून त्यांनी उशीखाली सारली होती. शेजारचं ऑक्सिजनचं मशीन गप्प. मशीन आणि गाड्या एकदम लावल्या की घराचा फ्यूज उडत होता, म्हणून पलंगामागच्या पॉइंटमध्ये आज गाड्यांची वायर होती. "पंधराच मिनिटं," दिग्दर्शकाने सांगितलं होतं. "व्हॅनमध्ये जनरेटर आहे हो आमच्या. पण आम्ही खोटं दाखवत नाही. गाडीच्या डायलवर बॅटरीचा आकडा चढताना दिसला पाहिजे."

हो म्हणाले ते वडीलच. "लाव गं त्यांच्या गाड्या. आंघोळीपुरता बिननळीचा राहतोच ना मी?"

"आले का?" त्यांनी आता विचारलं.

"येतील, अप्पा. बाहेरचंच चाललंय अजून."

"त्या दाढीवाल्याचा..." त्यांनी दम घेतला. "डाव्या कानापुढचा कल्ला खाली उतरलाय. पहिल्या भागापासून बघतोय. कोण गाढव कापतो त्याचे... सांगायचंय त्याला."

"सांगा हं. तोवर मशीन लावू थोडं?"

"आणि त्यांच्यासमोर वेसण घालून बसू होय?"

दुसरा टेक.

"कट. ताई, लॉटरी नाही लागलेली. पाहुणे आलेत."

तिसरा.

वरून विमान गेलं.

चौथा.

छान झाला. म्हणून आणखी एकदा, दुसऱ्या बाजूने. कॅमेरा हलवायला वेळ लागणार होता.

"आत कधी येणार तुम्ही?" तिने विचारलं. "वडील वाट बघतायत. तयार होऊन बसलेत."

दिग्दर्शकाने कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नजर काढली नाही. "आत उजेड नाही ना, ताई. जमलं तर बघू."

दाढीवाला अंगणात गाडीच्या आरशात बघून दाढी विंचरत होता. त्याच्या कानात इअरफोनची बोंडं होती.

ती आत गेली. वडिलांची पाठ घसरून उशीवर आली होती. शर्टाचं वरचं बटण तुटून लोंबत होतं. ओठ शाई लागल्यासारखे. त्यांनी काही विचारलं, पण ओठच हलले. मग एक बोट कसंबसं डाव्या कानापाशी गेलं आणि खाली ओढलं गेलं.

"आले," ती म्हणाली. "आले हं, अप्पा."

पाचवा टेक.

दारावर थाप पडली. दार उघडलं नाही.

पुन्हा थाप पडली. "ताई! कॅमेरा चालू आहे!"

ती पलंगामागे गुडघ्यांवर होती. गाड्यांचा जाड प्लग दोन्ही हातांनी ओढत होती. निघेना. भिंतीला पाय लावून ओढला तेव्हा बोर्डाची चौकटच हलली आणि प्लग हातात आला. तिने मशीनचा लावला. मशीनने शीळ घातली, मग घरघर सुरू झाली. तिने वडिलांच्या नाकात नळी घातली. त्यांनी तिचा हात ढकलला. त्या ढकलण्यात जोर नव्हता.

बाहेर दोन्ही डायलवरचे आकडे थांबले. कोणीतरी शिवी दिली.

दार न वाजवता उघडलं. वायरीचा माग काढत आधी दाढीवाला आत आला, मग चष्मेवाला, मग कॅमेरा.

वडिलांनी दाराकडे पाहिलं. हात वर गेला, नळी काढायला. मुलीने तो धरला. बापलेकीची क्षणभर झटापट झाली, आवाज न करता, घरात पाहुणे असताना होते तशी. ती हात सोडेना. तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने चादर ओढली आणि डोक्यावरून घेतली.

दाढीवाला जागीच थबकला. त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं. मान खाली घातली.

"थांबवू नकोस," मागून दिग्दर्शक कॅमेरावाल्याला पुटपुटला.

"कधी गेले?" दाढीवाल्याने विचारलं. त्याचा आवाज खरोखरच कापत होता.

चादर नाकापाशी आत ओढली जात होती, जेमतेम बाहेर येत होती. तिच्याखालचा हात मुलीच्या मुठीतून सुटू बघत होता.

"गेले नाहीत," ती म्हणाली. "रुसलेत."