सत्तेचाळिसावं नाव

सेहेचाळीस नावांपुढे खूण झाली आणि दीक्षाचं पेन थांबलं. सत्तेचाळिसावं नाव श्रीपतचं होतं, आणि श्रीपत शाळेत नव्हता.

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या श्रीपतच्या वाडीमागे डोंगराला तडा गेला होता. पाऊस चौथ्या दिवशीही थांबायचं नाव घेत नव्हता. दुपारपासून गावातल्या संतोषच्या टेंपोनं तीन खेपांत माणसं खालच्या शाळेत आणली होती.

दीक्षा जवळच्याच भिसेगावची. आपत्तीचा धोका कमी करण्याचं काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत ती तीन महिन्यांची इंटर्न होती. दोन महिने घरोघर फिरून, एकेक रेशनकार्ड समोर धरून तिनं वाडीची यादी केली होती. एकही नाव दोनदा नाही, म्हणून दिल्लीच्या साहेबांनी ती बैठकीत सगळ्यांना दाखवली. वाडीनं मात्र तिचं बोलणं थट्टेवारीच नेलं. डोंगर पडणार म्हणून सांगणारी ही पोर कोण लागून गेली? आज तडा हातभर रुंदावला तेव्हा कुठे लोक हलले.

तिनं मोठ्यानं विचारलं, श्रीपतबाबा आलेले नाहीत, कुठे आहेत ते? कोणी म्हणालं, मागच्या खेपेत होता. कोणी म्हणालं, बैल सोडायला गेलाय. त्याची बायको बायजा नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हातारा सकाळपासून घर सोडायचं नाही म्हणून हटून बसलाय, एवढंच ती म्हणाली.

बचाव पथक कर्जतहून निघालं होतं, पण रस्त्यावर पाणी होतं. तासभर तरी लागणार होता. इंटर्ननं धोक्याच्या जागी पाऊल टाकायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. नियम गेला खड्ड्यात, म्हणत दीक्षा संतोषच्या शेजारी चढून बसली आणि टेंपो वर निघाला.

श्रीपत गोठ्यात बैलाच्या मानेवर हात टाकून उभा होता. ती विनवण्या करून थकली, पाया पडली, रडली. म्हातारा ढिम्म हलेना. मागे कुठेतरी दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि तिचा धीर सुटला.

"बाबा, तुम्ही येत नसाल तर मीपण इथंच बसते."

"तुजी आय वाट बघत असंल ना गं?"

"बघू दे."

 श्रीपतनं बैलाचं दावं सोडलं आणि तो टेंपोत चढला.

शाळेच्या फाटकाशी येताच तिनं शेवटची खूण केली. सगळे आले, असं तिनं दोन्ही खोल्यांतून ओरडून सांगितलं. मग पथकाला फोन लावला. वर कोणी नाही, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस खाली आहेत. पथकाच्या प्रमुखानं शाबासकी दिली आणि गाडी वर न नेता शाळेकडे वळवली.

दहा मिनिटांनी डोंगर खाली आला. आवाज थांबला तेव्हा वाडीच्या जागी नुसता चिखल होता. बायांनी घरादारासाठी हंबरडा फोडला. दीक्षाही भिंतीला टेकून रडली, पण तिचं रडणं सुटकेचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःचा अभिमान वाटत होता.

बायजा तेवढी शांत होती. माणसं वाचली, बास झालं, म्हणत होती. तिच्या मांडीवरचं महिन्याभराचं पोर मात्र भुकेनं कळवळून रडायला लागलं. त्याच्या आईला बोलावते, म्हणून दीक्षा उठली.

"हिरू हाय बग बाजूच्या खोलीत. कापडं बदलत असंल."

हिरू. दीक्षानं यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली.

"मावशी, या नावाचं कोणी नाही यात."

"कसं असंल? लेक हाय माजी, बाळंतपणाला आलीय. तिचं नाव सासरच्या कार्डावर, कुंभिवलीला." बायजा नातवाला थोपटत राहिली. "बा आला नाय असं तू बोललीस ना, तशी ती पायवाटंनं वर गेली हुती त्याला आणाया. पन मंग तूच बोललीस ना गं, सगळी आली म्हणून."