धुणं

रुआबांधा गावात रुक्माच्या घरामागेच ठेकेदाराची वीटभट्टी होती. दीक्षेच्या दिवशी नेसलेलं तिचं पांढरं लुगडं भट्टीच्या काजळीनं दोरीवरच डागाळलं, तेव्हा तो खो-खो हसला होता. "भट्टीले कावून नावं ठेवून राहिली? तुले धुताच येत नाही!"

त्याचंच धुणं धुणाऱ्या रुक्मानं ते बोलणं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

पुढे आभाळातून किती काजळी पडते ते तपासायला एका सरकारी साहेबानं तिच्या अंगणात काचेची बरणी ठेवली. साहेब यायचा असला की त्याआधी ठेकेदार गुपचूप बरणी धुऊन जाई. रुक्मा दाराआडून पाही. या खेपेला तिनं त्याचं धुणं मुद्दाम बरणीशेजारी दिवसच्या दिवस टांगलं आणि मग घडी करून ठेवलं.

साहेबानं बरणी उचलली. आत काहीच नव्हतं. ठेकेदार मिशीत हसला. तेवढ्यात रुक्मानं त्याचं धोतर साहेबासमोरच उलगडलं. सगळं काजळीच्या ठिपक्यांनी भरलेलं.

"हे काय करून ठेवलं?" ठेकेदार खवळला.



"मले कुठं धुता येते, मालक? धुता तं तुमाले येते. बरणी पाहा ना, कशी लख्ख धुतली!"